सरकारी शाळेत गीता, कुराण, बायबल 'विषय' म्हणून शिकवता येईल का?

येईल, पण धर्म शिकवणं वेगळं आणि धर्माविषयी शिकवणं वेगळं. राज्यघटनेच्या कलम 28(1) नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मात्र 2002 मध्ये शालेय अभ्यासक्रमाविषयीच्या अरुणा रॉय खटल्यात सुप्रीम कोर्टाने धर्मांच्या अभ्यासाला हरकत घेतली नाही. 2022 मध्ये गुजरातने शाळांत गीता शिकवण्याची घोषणा केली, तेव्हा आपल्या कर्नाटकातही ही चर्चा रंगली होती.

मी खानापूर तालुक्यात सरकारी मराठी शाळेत शिकवते. एकदा फळ्यावर डावीकडे तुकोबांचा अभंग लिहिला, उजवीकडे बसवण्णांचं वचन, तेही कन्नडमध्येच. दोघांत पाचेकशे वर्षांचं अंतर, भाषा वेगळ्या, पण देवाच्या नावावरचं ढोंग दोघांनाही खपत नाही. एका मुलीने विचारलं, "बाई, हे दोघं भेटले होते काय?" अर्धा तास त्यावरच गेला. मला हवा आहे तो अभ्यास हाच.

तेच वचन हात जोडून म्हणायला लावलं किंवा नुसत्या पाठांतराला मार्क दिले, तर ते धार्मिक शिक्षणच झालं. शिवाय गीता आणि कुराण दोन्ही सारख्याच आदराने उलगडून सांगणारे शिक्षक आधी तयार करावे लागतील. पुस्तक छापणं त्यामानाने सोपं आहे.