छोट्या प्रादेशिक उद्योगांचं म्हणणं धोरण ठरवणाऱ्यांपर्यंत का पोहोचत नाही?

मुख्य कारण मनुष्यबळ. नियम पाळण्याचा खर्च उलाढालीच्या प्रमाणात कमी होत नाही. मोठ्या कंपनीकडे त्यासाठी वेगळा विभाग असतो, छोट्याकडे मालकच रात्री बसून विवरणपत्रं भरतो. मग नव्या नियमांच्या मसुद्यावर हरकती नोंदवायची मुदत कधी संपली, हे त्याला कळतही नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण खरी अडचण त्यालाच ठाऊक असते.

एकट्याने पत्र लिहून फारसं होत नाही. संघटनेमार्फत जा, पण ‘आम्हाला दिलासा द्या’ असं मोघम निवेदन देऊ नका. कलम कोणतं, त्यातला कोणता शब्द अडतोय आणि त्याजागी काय हवं, हे लिहा. सोबत सभासदांच्या थकीत बिलांचा तक्ता जोडा: बिलाची तारीख, पैसे मिळाल्याची तारीख, मधले दिवस.

थकीत देण्यांचा प्रश्न कायद्यापर्यंत गेलेला आहे. भारतात २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांचे पैसे देण्यासाठी कमाल ४५ दिवसांची मर्यादा घातली. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशात कंपन्यांमधल्या व्यवहारांना सर्वसाधारणपणे ६० दिवसांची मर्यादा आहे. तरी वसुली रखडतेच, कारण मोठ्या ग्राहकाविरुद्ध तक्रार केली की पुढची ऑर्डर जाण्याची भीती असते. म्हणून तक्रारीचा अधिकार संघटनेलाही मिळावा, ही मागणी मी सगळ्यात आधी लावून धरेन.