वारली काढायचीय? आधी भिंतीची ओल बघा

प्रश्न : ताई, घणसोलीत आमचा वन बीएचके आहे. हॉलमधली सोफ्यामागची भिंत दहा फूट रुंद, पश्चिमेची. तिच्यावर वारली काढायची माझी फार हौस. रंगारी म्हणतो, स्टेन्सिल लावून एका दिवसात भिंत भरून देतो. मला हातानेच काढायचीय, पण चित्रकला शाळेत सुटली ती सुटलीच. गणपतीपर्यंत जमेल का?

उत्तर : जमेल. पण पश्चिमेची भिंत म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. पावसाची झड तिच्यावरच बसते. आमच्या नौपाड्यातल्या घरी मी मे महिन्यात तीन रविवार बसून तारपा नाच काढला होता, म्हणजे तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणारा मध्ये आणि नाचणारे त्याच्याभोवती. श्रावणात तारपावाल्याच्या पोटाला फुगा आला आणि गौरी येईतो तो पापुद्र्यासकट खाली! नाचणारे सगळे गोलात, वाजवणाराच नाही. भिंतीपलीकडे बाथरूम आहे, हे वीस वर्षं त्या घरात राहून माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

तेव्हा आधी फूटभर प्लॅस्टिकचा चौकोन चारी कडांना टेप लावून भिंतीला चिकटवा आणि दोन दिवस हात लावू नका. पावसाची झड चालू असतानाच करा. भिंतीकडच्या अंगाला थेंब दिसले तर ओल आतून येतेय. आधी सोसायटीला बाहेरच्या भेगा बुजवायला लावा, वारली पुढच्या वर्षी. थेंब नुसते खोलीकडच्या अंगाला असतील तर ती हवेतली ओल, तिचं एवढं काही नाही. मग ओलं बोट भिंतीवर घासा. रंग बोटाला आला तर डिस्टेंपर आहे, तो खरवडून प्रायमर मारावा लागेल. वर गेरूच्या छटेचा इमल्शन, दोन हात. पावसाळ्यात दोन हातांमध्ये अख्खा दिवस जाऊ द्या.

पांढऱ्यासाठी अॅक्रिलिक घ्या. पाड्यावर गेरूच्या भिंतीवर तांदळाचं पीठ कालवून काढतात ते खरं, पण आपल्या बंद घरात पिठाला बुरशी लागते, झुरळं येतात ती वेगळीच.

स्टेन्सिलला माझी चक्क ना आहे. सगळी माणसं एका मापाची होतात, भिंतीचा साडीचा काठ होतो. हाताने अवघड नाही हो. टोकावर उभा एक त्रिकोण, त्याच्या खाली बुडावर बसलेला दुसरा. टोकं भेटतात तिथे कंबर. वरचा त्रिकोण जरासा कलता काढलात की माणूस नाचायला लागतो. आधी रद्दीवर शंभर माणसं काढा, मग भिंतीवर खडूने.

सोफ्याच्या पाठीच्या वर एक हात सोडून सुरुवात करा. खाली काढलेलं दिसत नाही आणि डोक्याच्या तेलाचे डाग पडतात. दहाही फूट भरू नका. एका कोपऱ्यात ताडाचं झाड, त्याच्याखाली नाच, बाकी भिंत मोकळी.

लग्नाचा चौक मात्र काढू नका, असं मी सांगेन. त्यात वारल्यांची पालघाट देवी असते, लग्नघरी सवाशिणी तो काढतात. सोफ्यामागे शोभेला कशाला? मुळात ही बायकांची कला. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती लग्नाबाहेर आणून रोजची केली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा तो भाग आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. पालघर वेगळा झाला २०१४ साली.

प्रश्न : वर्तकनगरला भाड्याने राहतो. मालक भिंतीला खिळासुद्धा मारू देत नाहीत. काय करू?

उत्तर : तीन बाय दोनचा प्लायवूडचा तुकडा आणा, मागून-पुढून दोन्हीकडे प्रायमर मारा (एकाच बाजूला मारलात तर तो वाकतो), त्याच्यावर काढा आणि टीव्हीच्या कपाटावर भिंतीला टेकवून ठेवा. घर बदललंत की टेम्पोत गाद्यांच्या मध्ये घालायचा. माझ्या भाचीचा असाच तीन घरं फिरलाय, एक कोपरा तेवढा उंदराने कुरतडलाय.