हिंग्यांवर काम करणाऱ्या विद्यार्थिनीस

नागपूर

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

प्रबंधासाठी तू हिंगे, म्हणजे कातडीवर फोड आणणारे भुंगे, निवडलेस, याचा मनापासून आनंद झाला. आराखडा वाचला. त्यात 'प्रत्येक भुंग्यातील कॅन्थरिडिनचं', म्हणजे फोड आणणाऱ्या त्याच्या विषाचं, 'प्रमाण' असा रकाना आहे, पण तो भुंगा नर की मादी, समागम झालेला की नाही, मादीने अंडी घातलेली की नाही, याची नोंद कुठेच नाही. आधी ती भर. तिच्याशिवाय मोजलेल्या आकड्यावरून काहीच सिद्ध होणार नाही.

कारण असं. आजवर अभ्यासलेल्या बऱ्याच प्रजातींत प्रौढ मादी कॅन्थरिडिन फारसं तयारच करत नाही. ते नर करतो, आपल्या प्रजननसंस्थेच्या सहायक ग्रंथींत साठवतो आणि समागमात शुक्रद्रव्यासोबत तिला देतो. मादी त्यातला वाटा अंड्यांना लावते, म्हणून मातीतली अंडी मुंग्या आणि इतर भक्षक सहसा टाळतात. म्हणजे बापाचं विष लेकरांच्या राखणीला. त्यामुळे नुकती अंडी घातलेली मादी आणि नुकताच समागम झालेली मादी यांना एकाच 'मादी' गटात टाकलंस, तर सरासरीला काही अर्थ उरत नाही.

नर-मादीची बाहेरून केलेली ओळख कच्ची समज. अनेक प्रजातींत नराच्या पोटाच्या शेवटच्या खवल्याला खाच असते, पण खात्री विच्छेदनातच होते. आणि शेतातून आणलेली मादी कुमारी आहे असं कधीच धरू नकोस. शुक्रकोश, म्हणजे मादी शुक्राणू साठवते ती पिशवी, उघडून सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू आहेत का ते बघ. कुमारी माद्यांसाठी अळीपासून वाढवावं असं वाटेल, पण दोन सत्रांत ते जमणार नाही. अंड्यातून निघणारी चपळ, लांब पायांची अळी मातीत टोळांच्या अंड्यांचे पुंजके शोधते. पुढे ती मंद, गुबगुबीत होते आणि मग कडक कवचाच्या सुप्त अवस्थेत कित्येक महिने पडून राहू शकते. शिवाय एका पुंजक्यावर दोन अळ्या ठेवल्या तर त्या एकमेकींवर तुटून पडतात.

त्यापेक्षा नरावर काम कर. नर वेगळे करून जास्वंदीच्या किंवा भेंडीच्या फुलांवर काही दिवस एकेकटे ठेव. निम्म्यांना एकदाच मादी दे, निम्म्यांना नको. मग दोन्ही गटांच्या सहायक ग्रंथी काढून 0.1 मिलिग्रॅमच्या तराजूवर तोल. जोडी एकमेकांकडे पाठ करून, टोकाला टोक जोडून तासन्‌तास राहते. मध्येच ओढून सोडवलीस तर देणं अर्धवट राहतं, म्हणून त्यांची त्यांना सुटू दे आणि दोन्ही वेळा लिहून ठेव. आकारासाठी अख्ख्या भुंग्याचं वजन घेऊ नकोस, खाण्याने पोट फुगतं. पंखकवचाची लांबी घे. विच्छेदनाआधी भुंगा थोडा वेळच गार कर. एकदा गोठून वितळलेल्या ग्रंथी लिबलिबीत होतात आणि अख्ख्या निघत नाहीत.

भुंगे कुठे मिळतील, याची तुला चिंता नसावी. खरीप संपता संपता तुरीच्या फुलांवर, त्याआधी भेंडी-चवळीवर काळ्या-नारिंगी पट्ट्यांचे हिंगे बसलेले दिसतात. सकाळी गारव्यात ते सुस्त असतात. शेतकऱ्याला आधी विचार, फवारणी कधी आणि कशाची झाली. फवारलेल्या रानातले भुंगे पिंजऱ्यात दोन दिवसांत मरतात आणि दोष आपण खाद्याला देत बसतो. एका डबीत एकच भुंगा ठेव. एकत्र ठेवलेस तर डबीतच समागम होतो, एकाचं द्रव्य दुसऱ्याला माखतं आणि मोजमाप बिघडतं.

आता हाताचं. लांब चिमटा, नायट्राइलचे हातमोजे, पूर्ण बाह्या. भुंग्याला चिमटीत धरलं की तो मान खाली घालून पाय आखडतो आणि गुडघ्याच्या सांध्यातून पिवळट थेंब बाहेर येतो. ते त्याचं रक्तच, कॅन्थरिडिन मिसळलेलं. कातडीवर पडल्यावर लगेच जळजळ होत नाही, फोड काही तासांनी येतात, म्हणून 'काही झालं नाही' यावर विसंबू नकोस. लगेच साबण-पाण्याने धू, डोळे चोळू नकोस, फोड फोडू नकोस. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं पाण्याने धुऊन थेट दवाखान्यात. पोटात गेलं तर मूत्रपिंडांनाही इजा होते, तिथे घरगुती उपाय नकोत. अर्क काढायला ॲसिटोन वापरलंस तर ते नायट्राइलमधून पटकन आत शिरतं, तेव्हा त्याचा थेंब पडताच मोजे बदल.

रासायनिक मोजमाप जीसी-एमएसवर, म्हणजे अर्कातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रावर, मार्गदर्शकांच्या समोरच कर. अर्क गरम प्लेटवर आटवू नकोस. कॅन्थरिडिन 212 अंशांना वितळतं, पण त्याच्या कितीतरी आधी बाष्प होऊन उडू लागतं. निकाल कमी येतो आणि कारण सापडत नाही. ही वाफ श्वासातही जाऊ नये.

पावसाळ्यात वसतिगृहाच्या ट्यूबलाइटखाली जे चट्टे उठतात, ते मात्र बहुधा वेगळ्या, लहानशा काळ्या-लाल कीटकाचे असतात. त्याचं विष पेडेरिन, आणि ते त्याच्या शरीरातले जिवाणू बनवतात. मैत्रिणींनी विचारलं तर दोन्ही एकत्र करू नकोस.

शेतकऱ्याला 'हिंगे दिसले की फवार' असंही सांगू नकोस. प्रौढ फुलं खातात हे खरं, पण त्यांच्या अळ्या टोळांची अंडी संपवतात. प्रादुर्भाव थोडा असेल तर सकाळी जाळीने गोळा करणं पुरतं.

नवा तक्ता करून पाठव. त्यात भुंग्याचा क्रमांक, तारीख, गाव, पीक, लिंग, समागमाची सुरुवात व शेवट, अंडी घातल्याची तारीख, पंखकवच, ग्रंथीचं वजन एवढे रकाने ठेव. शुक्रकोश तपासला की नाही, त्याला वेगळा रकाना दे.

तुझा शुभचिंतक