नवीन यूट्यूब चॅनल लवकर वाढवून कमाई कशी सुरू करावी? शॉर्ट्सवर व्ह्यूज येतात पण सबस्क्रायबर 200 वर अडकलेत. नोकरी सोडून पूर्णवेळ करू का?

नोकरी सोडू नका. बाकीचं वाचा नाहीतर राहू द्या, एवढं मात्र आधी ऐका.

चॅनलचा विषय काय ते तुम्ही लिहिलंच नाहीत, पण ‘लवकर’ लिहायला विसरला नाहीत. म्हणूनच उत्तर लिहायला बसलो. मी सांगोला तालुक्यातला. वडिलांपासून चालत आलेलं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवीन तार भरून द्यायचं, दुकान आहे, थोरले भाऊ आणि मी मिळून चालवतो. माझं चॅनल पाण्याच्या मोटरी, स्टार्टर आणि पॅनेल यांवर आहे. दिसायला एकदम रटाळ.

जाहिरातीची कमाई सुरू व्हायला 1000 सबस्क्रायबर आणि 12 महिन्यांत लोकांनी बघितलेले 4000 तास लागतात, हे तुम्हाला पाठ असणार. भागाकार मात्र कुणी करत नाही. 4000 तास म्हणजे 2,40,000 मिनिटं. माणूस तुमच्या व्हिडिओवर सरासरी तीन मिनिटं थांबत असेल तर 80,000 व्ह्यूज लागतात, आणि ते लांब व्हिडिओवर. शॉर्ट्सच्या फीडमध्ये लोक अंगठ्यानं सरकवत जे बघतात, त्यातलं एक मिनिटही या तासांत धरत नाहीत. शॉर्ट्सवरून यायचं तर 90 दिवसांत 1 कोटी व्ह्यूज पाहिजेत. 500 सबस्क्रायबरची एक खालची पायरी आहे (90 दिवसांत 3 व्हिडिओ, शिवाय 3000 तास किंवा शॉर्ट्सवर 30 लाख व्ह्यूज), पण तिथं मेंबरशिप, सुपर थँक्स असे प्रेक्षकांनी स्वतःहून दिलेले पैसे मिळतात, जाहिरातीचा वाटा नाही. बोअरच्या मोटरीला सुपर थँक्स कोण देणार? मला एकानं चाळीस रुपये दिले होते. खाली लगेच कमेंट टाकली, चुकून दाबलं गेलं म्हणून.

माझं चॅनल निघालं 2020 च्या लॉकडाऊनमध्ये, ठरवून नाही. मार्च-एप्रिल म्हणजे आमच्याकडं मोटरी जळायचे दिवस. पाणी खाली गेलेलं, बोअर कोरडी ओढतात, व्होल्टेज पडलेलं. आणि दुकानाला कुलूप. दिवसभर फोन, आणि तक्रार बहुतेकांची एकच: “मोटर नुसती हुं करतीय, उचलत नाही.” सिंगल फेज मोटर असेल आणि हुं करून ट्रिप होत असेल, तर बऱ्याचदा पॅनेलमधला स्टार्टिंगचा कंडेन्सर (कपॅसिटर) गेलेला असतो. हेच दिवसभर सांगून घसा बसला. शेवटी पुतण्या म्हणाला, “काका, एकदाच नीट बोला, मी मोबाइलमध्ये घेतो. मग ज्याचा फोन येईल त्याला लिंक पाठवू.” पडवीत बसून जुनं पॅनेल उघडलं आणि बोललो. मेन स्विच पाडा, कंडेन्सर डिस्चार्ज केल्याशिवाय हात लावू नका, त्याच्यावर जेवढे मायक्रोफॅरड लिहिलेत तेवढ्याचाच नवीन आणा. संपलं. ‘लाइक करा, घंटी दाबा’ हे राहूनच गेलं.

पुढं थ्री फेज स्टार्टरवरही केला. लाईट आहे पण स्टार्टर धरत नाही, तेव्हा आधी काय बघायचं: तिन्ही फेज आलेत का, प्रिव्हेंटर (एखादा फेज गेला की मोटर बंद करणारा) पडलाय का, ओव्हरलोड रिले ट्रिप झालाय का, स्टार्टर धरून ठेवणारी नो व्होल्ट कॉईल जळली का, याच क्रमानं. तो बराच काळ तसाच पडून होता. पुढच्या उन्हाळ्यात पळायला लागला. यूट्यूब स्टुडिओत आकडे बघितले तर निम्म्याहून जास्त माणसं यूट्यूब सर्चमधून येत होती, आणि तासाच्या आलेखात रात्री अकराच्या पुढं चढ. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. शेतीची लाईट रात्रपाळीला असते तेव्हा माणूस विहिरीवर बॅटरीच्या उजेडात उभा असतो. लाईट मोजक्या तासांची, त्यातला एक तास खटपटीत गेलेला, आणि सकाळी पाळी पुढच्याची. तो ‘नमस्कार मित्रांनो, कसे आहात सगळे’ ऐकायला आलेला नसतो. त्याला पहिल्या पंधरा सेकंदांत कळलं पाहिजे की कुठं हात घालायचा आणि कुठं नाही.

माझ्या मते नवीन चॅनलनं असा अडलेला माणूस शोधावा. ट्रेंडिंगच्या मागं लागू नये, तिथं तुमच्याआधी हजार जण उभे आहेत. अडलेला माणूस तुम्ही कोण, किती सबस्क्रायबर, कॅमेरा कोणता, हे बघत नाही. शीर्षकही तो दुकानात शिरताना जे बोलतो तेच द्यायचं. ‘सबमर्सिबल पंप ट्रबलशूटिंग’ असं नाव दिलेला माझा एक व्हिडिओ मेला होता. नाव बदलून ‘मोटर चालू आहे पण पाणी येत नाही’ केलं आणि उठून बसला.

आता जे खरं सांगायचंय ते.

आप्पांना, म्हणजे थोरल्या भावाला, हे चॅनल पहिल्या दिवसापासून पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं असं: “बापानं हाताला चटके सोसून मिळवलेली विद्या तू फुकट वाटतोयस. उद्या दुकानात काळं कुत्रं येणार नाही.” ते एकटे असते तर चाललं असतं, पण तालुक्यातले बाकीचे रिवाइंडिंगवाले त्यांना चहाच्या गाड्यावर गाठायचे. तुमच्या धाकट्यानं आमची व्हिजिट घालवली, शंभराचा कंडेन्सर बदलायचे पाचशे मिळायचे ते गेले, लोक आता मोबाइल पुढं धरून आम्हालाच शिकवतात. आप्पा संध्याकाळी येऊन माझ्यावर काढायचे. एकदा तर भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, “व्हिडिओ काढून टाक नाहीतर दुकानातून निघ” इथपर्यंत गेलं. मी काढून टाकले नाहीत. मग काही दिवस आमची बोलणी पुतण्यामार्फत.

त्याच उन्हाळ्यात जतकडचा एक शेतकरी साडेसात एचपीची जळालेली मोटर छोट्या हत्तीत टाकून आमच्याकडं आला. वाटेत भरून देणारी दुकानं काही कमी नाहीत. मी त्याला विचारलंसुद्धा, इतक्या लांब कशाला आलात. म्हणाला, दोन फेजवर चालून मोटर जळते तेव्हा काही वायंडिंग काळं ठिक्कर पडतं आणि बाकीचं नव्यासारखं राहतं, हे तुम्ही उघडून दाखवलं होतं. आमची तशीच जळलीय. ज्यानं कारण दाखवलं त्याच्याकडंच टाकायची म्हटलं, नाहीतर भरून नेली की परत जळणार. प्रिव्हेंटरही आमच्याकडनंच घेऊन गेला. पावती आप्पांनी फाडली. मी काहीच बोललो नाही, पण तोंडावर दिसलं असावं, कारण आप्पा म्हणाले, “तो अण्णांच्या नावावर आलाय. तुझ्या मोबाइलवर नाही.” अण्णा म्हणजे आमचे वडील. जतच्या त्या माणसानं अण्णांचं नावही ऐकलं नव्हतं.

कंडेन्सरची गिऱ्हाइकं कमी झाली, ते आप्पांचं खरं आहे. पण कंडेन्सर घरी बदलता येतो, मोटर घरी भरता येत नाही. छोटं काम फुकट सांगितलं की मोठं काम तुमच्याकडं येतं. ही साधी गोष्ट धंद्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला कळत नाही याचा मला आजही राग येतो.

कमाईचं विचारलंत म्हणून आकडे देतो. हजार व्ह्यूजमागं माझ्या हातात तीस-पस्तीस रुपये पडतात. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीतले 55 टक्के आपल्याला मिळतात, शॉर्ट्सवर 45 टक्क्यांचा हिशोब आहे, पण मुळात मराठीत शेतीच्या व्हिडिओवर येणारी जाहिरातच स्वस्त. भर उन्हाळ्यात महिन्याला आठ-नऊ हजार होतात. पाऊस पडला की दीड-दोन हजार. 100 डॉलर झाल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, त्यामुळं पाऊस लागला की बऱ्याच महिन्यांचे मिळून एकदाच येतात. यावर नोकरी सोडणार का? एक दहा एचपी मोटर भरून दिली की पावसाळी महिन्याच्या जाहिरातीपेक्षा जास्त सुटतात. चॅनलमुळं आलेला पैसा मला दुकानातच मिळाला. तुमच्याकडं दुकान, क्लास, शेत, कारागिरी यातलं काहीच नसेल आणि नुसत्या जाहिरातीवर जगायचं असेल, तर निदान नोकरी तरी हातात ठेवा.

पैसे यायच्या आधीची दोन-तीन कामं आत्ताच करून ठेवा. 10 डॉलर झाले की ॲडसेन्सचा (गूगल ज्यातून पैसे देतं त्या खात्याचा) पिन पोस्टानं येतो, गावाकडं राहत असाल तर पोस्टमनला आधी सांगून ठेवा. बाहेरून पैसे यायला स्विफ्ट कोड लागतो. पतसंस्थेत तो नसतो, मला दुसऱ्या बँकेत खातं काढावं लागलं. आणि अमेरिकेच्या टॅक्सचा फॉर्म भरा. नाही भरला तर सगळ्या कमाईतून 24 टक्क्यांपर्यंत कापू शकतात. भरलात तर फक्त तिकडच्या प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईवर 15 टक्के. सांगोल्याच्या मोटरी अमेरिकेत कोण बघतंय, त्यामुळं माझे कटतच नाहीत म्हटलं तरी चालेल. रेसिपीचं चॅनल असेल तर तिकडचे मराठी लोक बघतात, तुम्हाला फरक पडेल.

‘मराठीत चालत नाही, हिंदीत करा’ म्हणणाऱ्याला मधुराज रेसिपी आणि भाडिपा दाखवा आणि गप्प करा. तू माझं सबस्क्राइब कर, मी तुझं करतो, या ग्रुपमधून आजच बाहेर पडा. ते यूट्यूबच्या नियमाविरुद्ध आहेच, वर ती माणसं तुमचा व्हिडिओ उघडत नाहीत. आठ मिनिटांच्या पुढं मध्ये जाहिरात लावता येते म्हणून तीन मिनिटांचं सांगणं ताणू नका. आणि शॉर्ट्स दुसऱ्याच्या क्लिपा जोडून केलेले असतील तर आकडा पूर्ण झाला तरी कमाईचा अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

हे सगळं शोधून बघायच्या विषयांना लागू. विनोदी, व्लॉग, बातम्या यांचं गणित वेगळं, तिथं माणूस शोधत येत नाही, होम पेजवर समोर आलं तर दाबतो. त्यातलं मला विचारू नका. पैसे आले की ते उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवावं लागतं, ते सीएकडून समजून घ्या.

आणखी एक. डीपीवरचा, म्हणजे गावाच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, गेलेला फ्यूज कसा टाकायचा, हा व्हिडिओ करा म्हणून मला सगळ्यात जास्त कमेंट येतात. केला तर धो-धो चालेल हे मला माहीत आहे. करणार नाही. वायरमनला फोन करा. चॅनल वाढवायचंय म्हणून काहीही टाकायचं नसतं, हे मात्र आप्पांचंच वाक्य, फक्त ते सगळ्याच व्हिडिओंना लावतात.

आप्पा इथं काही वाचत नाहीत. पुतण्या वाचतो. त्यानं त्यांना एवढंच सांगावं, बाहेरच्या तालुक्यातून आलेल्या मोटरींची वेगळी वही काउंटरच्या खालच्या कप्प्यात आहे. जत, आटपाडी, मंगळवेढा, सगळी गावं लिहिलेली आहेत आणि समोर रकमाही. अक्षर त्यांचंच आहे.