वकिलाविना लिव्हिंग ट्रस्ट

प्रश्न : आम्ही नवरा-बायको कॅलिफोर्नियात राहतो, दोघंही अमेरिकी नागरिक. एक घर (कर्ज फिटायचं आहे), बँक आणि रिटायरमेंट खाती, शिवाय पुण्यात एक फ्लॅट. मुलं ८ आणि १२ वर्षांची. सॉफ्टवेअर वापरून लिव्हिंग ट्रस्ट आपला आपण केला तर चालेल का?

उत्तर : चालेल. लिव्हिंग ट्रस्ट म्हणजे हयातीतच मालमत्ता ज्याच्या नावे करून ठेवायची, तो ट्रस्ट. त्याला वकिलाची सक्ती नाही, आणि तुमच्या सरळ मालमत्तेला सॉफ्टवेअरचा मजकूर बहुधा पुरतो. घोटाळा होतो तो पुढच्या कामात. सह्या झाल्या, फाइल कपाटात गेली आणि घर तुमच्या दोघांच्याच नावावर राहिलं, तर तो ट्रस्ट रिकामा. मग तुमच्या पश्चात मुलांच्या वाट्याला प्रोबेट, म्हणजे वारसांना मालमत्ता मिळण्याआधीची कोर्टाची प्रक्रिया, येऊ शकतं. तिथलं वकिलाचं शुल्क कायद्यानेच ठरलेलं आहे : पहिल्या १ लाख डॉलरवर ४ टक्के, पुढच्या लाखावर ३, त्यापुढच्या ८ लाखांवर २. म्हणजे १० लाखांच्या घरामागे २३,००० डॉलर, आणि एक्झिक्युटरने (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याने) मेहनताना घेतला तर तेवढेच पुन्हा. कर्ज वजा होत नाही. हिशेब घराच्या पूर्ण किमतीवर.

त्यामुळे खरं काम डीडचं, म्हणजे घराच्या मालकीच्या दस्ताचं. मालकी ट्रस्टकडे देणारं नवं ग्रँट डीड करा. जुन्या डीडमधलं लीगल डिस्क्रिप्शन (मिळकतीचं कायदेशीर वर्णन) अक्षर न अक्षर उतरवा, नुसता पत्ता चालत नाही. मालकाच्या जागी फक्त ट्रस्टचं नाव घालू नका; ‘अमुक आणि तमुक, अमुक तारखेच्या फॅमिली ट्रस्टचे ट्रस्टी’ असं लिहा. नोटरीसमोर सही करून, मालकीबदलाचा प्राथमिक अहवाल जोडून ते काउंटी रेकॉर्डरकडे, म्हणजे तिथल्या दस्तनोंदणी कार्यालयात, नोंदवा. यामुळे प्रॉपर्टी टॅक्ससाठी घराचं फेरमूल्यांकन होत नाही. तुम्ही त्याच घरात राहत असल्यामुळे १९८२च्या गार्न-सेंट जर्मेन कायद्यानुसार बँकही या कारणावरून कर्ज एकरकमी मागू शकत नाही. घराच्या विमा कंपनीला कळवायचं मात्र हमखास राहून जातं.

बँक खाती शाखेत जाऊन ट्रस्टच्या नावे करून घ्या. आयआरए आणि ४०१(के) या रिटायरमेंट खात्यांना हात लावू नका. ती ट्रस्टच्या नावे केली तर पैसे काढल्यासारखं धरलं जातं आणि त्यावर कर लागतो. तिथे फक्त लाभार्थीचा फॉर्म भरायचा : आधी जोडीदार. त्यानंतर कोण, हा प्रश्न मुलं अल्पवयीन असल्यामुळे नाजूक आहे. तेवढ्यापुरता वकिलाचा एक तास विकत घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. दोघांपैकी कुणाला आधीच्या लग्नाचं मूल असेल किंवा एखाद्या मुलाला अपंगत्व असेल, तर सगळंच काम वकिलाकडे द्या.

ट्रस्ट झाला तरी मृत्युपत्र लागतंच. ट्रस्टबाहेर राहिलेलं त्यातून ट्रस्टमध्ये येतं, आणि मुलांचे पालक नेमण्याची जागाही तीच. दोन साक्षीदार घ्या, लाभार्थींपैकी नकोत.

पुण्याचा फ्लॅट या ट्रस्टमध्ये घालू नका. त्यासाठी भारतात वेगळं मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार हवेत, नोंदणी ऐच्छिक. आणि सॉफ्टवेअरच्या मृत्युपत्रातलं पहिलंच वाक्य तपासा. ‘याआधीची सर्व मृत्युपत्रे मी रद्द करतो’ असं ते बहुतेक वेळा असतं. ते तसंच ठेवून सही केलीत, तर भारतात आधी केलेलं मृत्युपत्रही त्यात रद्द होऊ शकतं. ‘भारतातील मालमत्तेचे मृत्युपत्र वगळून’ एवढे शब्द तिथे घाला, आणि भारतातल्या मृत्युपत्रातही अमेरिकेतलं तसंच वगळा.