प्रश्न तुमचे: अजस्र आगबोटी पाण्यात कशा उतरवत?

गेल्या अंकात अटलांटिकवर धावणाऱ्या जुन्या प्रवासी आगबोटींवर लेख होता. त्यावर किनाऱ्यावरून बरीच पत्रं आली. दर वर्षी स्वतः होडी ओढणाऱ्या, उतरवणाऱ्या माणसांचे प्रश्न नेमके असतात, म्हणून त्यांतले काही सविस्तर घेतले आहेत.

आमची दहा-बारा टनांची होडी हलवायची तर वीस माणसं नाहीतर ट्रॅक्टर लागतो. टायटॅनिकसारखी बोट कशाने ढकलत असतील? (हर्णै)

ती ढकलत नसत, धरून ठेवत आणि वेळ झाली की सोडत. बोट मुळातच उतारावर बांधायची, नाळ (पुढचं टोक) जमिनीकडे आणि मागची बाजू पाण्याकडे. बोटीखाली लाकडी पट्ट्यांच्या दोन रांगा असत. खालची पट्टी जमिनीला पक्की, वरची बोटीबरोबर सरकणारी, आणि दोन्हींच्या मध्ये चरबी.

हिशेब सोपा आहे. 31 मे 1911 रोजी बेलफास्टला टायटॅनिक उतरली तेव्हा नुसत्या सांगाड्याचं वजन साधारण 24,000 टन होतं. उदाहरणादाखल वीस फुटांना एक फूट उतार धरू. वजनाचा विसावा भाग, म्हणजे 1,200 टन, बोटीला खाली ओढतो. चरबीवरचं घर्षण वजनाच्या तीन टक्के धरलं तर अडवणारा जोर 720 टन. उरलेले 480 टन बोट पळवायला पुरेसे होतात. मात्र जागची हलताना घर्षण जास्त असतं, म्हणून नाळेपाशी पाण्याच्या दाबावर चालणारे जॅक तयार ठेवत.

सगळी मदार चरबीवर. टायटॅनिकसाठी चरबी, तेल आणि मऊ साबण मिळून 22 टनांच्या आसपास माल लागला. आधी लाकडाला चिकटून बसेल असा घट्ट चरबीचा थर, त्यावर निसरडा थर. दर चौरस फुटावर दोन-अडीच टन भार येतो. थंडीत चरबी कडक होऊन तडकते. उन्हात ती पातळ होऊन बाहेर येते, मग लाकडावर लाकूड घासून धूर निघतो. म्हणून हवा बघून चरबीचं मिश्रण ठरवत. बेलफास्टचं मिश्रण आपल्याकडे मे महिन्यात वापरलं तर तासाभरात ओघळेल.

घर्षणाचा अंदाज चुकण्याचं मोठं उदाहरण म्हणजे लंडनला बांधलेली ग्रेट ईस्टर्न ही आगबोट. थेम्स नदी अरुंद आणि बोट 692 फूट लांब, म्हणून तिचा इंजिनियर ब्रुनेल याने ती आडवी उतरवायचं ठरवलं. पण लोखंडी रुळांवर लोखंडी पट्ट्या सरकवायचा बेत होता. 3 नोव्हेंबर 1857 ला बोट थोडी सरकली आणि अडली. पुढे जॅक लावून तिला इंच इंच ढकलत न्यावं लागलं. शेवटी 31 जानेवारी 1858 च्या उधाणाने तिला उचललं.

बोट बांधतात ठोकळ्यांवर. मग तिचं वजन चरबीच्या पट्ट्यांवर येतं कसं? (देवगड)

आमच्या मते सगळ्या कामातला पाहण्यासारखा भाग हाच. खाली रिबिट (पत्रे जोडणारे धातूचे खिळे) मारणाऱ्यांना वाकून काम करता यावं म्हणून तळाचा कणा चार-पाच फूट उंच ठोकळ्यांवर ठेवत. दोन्ही कुशींना लाकडी टेकू. सांगाडा पुरा झाला की कुशींखाली पट्ट्या बसवायच्या. सरकती पट्टी आणि बोटीचं पोट यांच्यामधली पोकळी लाकडाने भरायची, नाळेपाशी आणि मागे उभे खांब बांधून पाळणा करायचा.

मग पाचरा. पाळण्याच्या दोन्ही बाजूंना हजारो पाचरा लावलेल्या असतात. टोळ्या उभ्या राहतात आणि एका इशाऱ्यावर सगळे घण एकदम पडतात. एकेकाने ठोकून उपयोग नाही, कारण मग एकाच जागी भार चढतो. सगळ्या पाचरा मिळून बोट अगदी किंचित उचलली जाते, पण तेवढ्याने ठोकळे सुटे होतात. ते मागून पुढे काढत यायचं, टेकू पाडायचे, आणि शेवटी बोट फक्त तिला धरून ठेवणाऱ्या खटक्यावर उभी राहते. इथून पुढे उशीर चालत नाही. पूर्ण भाराखाली चरबी हळूहळू पिळून बाहेर येत असते.

टेकू पाडणं सगळ्यांत जीवघेणं. कोणत्या टेकूवर किती भार आलाय ते बाहेरून कळत नाही, आणि सुटलेला ओंडका कुठे फिरेल याचा नेम नसतो. टायटॅनिकच्या वेळी एक कामगार असाच सापडला आणि नंतर दगावला.

सर्वांत धोक्याचा क्षण कोणता? (गुहागर)

सुटण्याचा नव्हे, मागची बाजू तरंगू लागते तो. त्या वेळी नाळ अजून पट्टीवर असते. बोट नाळेच्या टेकणीवर फिरते आणि एकूण वजनाचा पाचवा-चौथा हिस्सा तेवढ्याशा जागेवर येतो. म्हणून नाळेखालचा पाळणा सर्वांत मजबूत बांधत आणि आत सांगाड्यालाही तात्पुरते आधार देत.

पाणी कमी असेल तर उलटं होतं. बोटीचा मध्य पट्टीच्या टोकापलीकडे जातो, मागे उचलणारं पाणी पुरेसं नसतं, आणि बोट टोकावर तराजूचा काटा कलावा तशी मागे झुकते. तळ दबतो, पत्रे वाकतात. यावर उपाय दोनच. पट्ट्या पाण्याखाली लांबवर न्यायच्या, आणि मोठी भरती साधायची.

भोंगे (धुराडी), बॉयलर, फर्निचर आधी बसवून एकदाच उतरवली तर काम वाचणार नाही का? (मालवण)

इटलीत हे झालं. 22 सप्टेंबर 1907 ला जिनोव्हाजवळच्या रिवा ट्रिगोसो इथे प्रिन्चिपेसा योलांदा ही प्रवासी बोट जवळजवळ सजवूनच सोडली. वर भोंगे, केबिनी, सामान. खाली कोळसा नाही, भारही नाही. वजनाचा मध्य वर गेला. पाण्यात शिरताच ती कलली, उघड्या खिडक्यांतून पाणी आत आलं आणि ती तिथेच बुडाली.

त्याआधी 3 जुलै 1883 ला स्कॉटलंडमधल्या क्लाइड नदीवर डॅफ्ने नावाची छोटी आगबोट उतरवताना उलटली. आत सुमारे 200 कामगार होते, त्यातले 124 गेले. कललेल्या बोटीत सुटी माणसं आणि सुटं सामान उताराच्या बाजूला जातं आणि कल आणखी वाढवतं. रेवसला निघालेली रामदास 17 जुलै 1947 ला बुडाली तेव्हाही लाटेने कललेल्या बोटीत माणसं एका बाजूला लोटली गेली होती. कोकणाला हे वेगळं सांगायला नको.

टायटॅनिकचे 29 बॉयलर आणि भोंगे उतरवल्यानंतर 200 टनी तरंगत्या क्रेनने चढवले. पूर्ण झाल्यावर तिचं वजन 52,000 टनांच्या वर गेलं, म्हणजे पाण्यात गेली ती निम्म्याहूनही हलकी.

पाण्यात गेल्यावर थांबवायची कशी? (रत्नागिरी)

टायटॅनिक 62 सेकंदांत खाली आली आणि नांगर व साखळ्यांच्या ढिगांनी तिला तिच्या लांबीच्या आतच थांबवलं. क्वीन मेरीचं काम अवघड होतं. ती 1,019 फूट लांब आणि समोरची क्लाइड अरुंद. पलीकडे कार्ट नदीचं मुख रुंद करून घेतलं, तिथे मागची बाजू जावी म्हणून. 26 सप्टेंबर 1934 ला तिला थोपवायला 18 साखळ्यांचे जुडगे होते, एकूण वजन सुमारे 2,350 टन. सगळे एकदम ताणले जात नाहीत. एकामागून एक उचलले जातात, नाहीतर बोटीला हिसका बसेल आणि कड्या तुटतील.

रिबिट का, वेल्डिंग का नाही? (चिपळूण)

एवढ्या मोठ्या सांगाड्यावर भरवसा ठेवावा असं वेल्डिंग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आलं. टायटॅनिकला सुमारे 30 लाख रिबिट लागले, क्वीन मेरीला एक कोटीच्या वर. बसलेल्या रिबिटवर हातोडी टिचकावून बघत. सैल असेल तर आवाज बद्द येतो. तो काढून नवा.

आमच्या विजयदुर्गजवळच्या मराठ्यांच्या गोदीसारखी सोय त्यांना का सुचली नाही? (गिर्ये)

भरतीला जहाज आत घ्यायचं आणि ओहोटीला कोरडं करायचं, ही गोदीची रीत त्यांनाही ठाऊक होती. पण बांधणीसाठी उतार स्वस्त पडे. आज मोठ्या बोटी गोदीतच बांधतात. फ्रान्समधल्या सँ नाझेरला बांधलेली ‘क्वीन मेरी 2’ ही बोट मार्च 2003 मध्ये गोदीत पाणी भरून तरंगवली. चरबी, पाचरा, साखळ्या काहीच लागलं नाही.

यातलं आम्हाला ऑगस्टमध्ये होड्या पाण्यात उतरवताना काय उपयोगी? (दाभोळ)

बरंच. भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपट हे सर्वांना ठाऊक असतं. षष्ठीला साडेचार. त्याच्या तासभर आधी सुरू करा. होडी अडली तर पाणी अजून चढत असलं पाहिजे. ओहोटी लागल्यावर अडलेली होडी बारा तास तिथेच कललेली राहते. जड होडी भांगाला, म्हणजे भरती कमी चढते त्या दिवसांत, उतरवू नका.

बर्फ, डिझेल, जाळी तरंगल्यावर भरा. चढवायचीच असली तर तळाशी ठेवा, टपावर नको. पाण्याखालचे व्हॉल्व्ह बंद आहेत ना ते हाताने फिरवून बघा. ओंडक्यांना तेल लावताना वाळू झाडून घ्या, कारण तेलात भिजलेली वाळू घासपेपरासारखी धरते. वरच्या बाजूला एक दोर खुंटाला दोन वेढे देऊन ढिला सोडत राहा. कललेल्या बाजूला कुणालाही उभं करू नका.

लाकडी होडी दोन महिने कोरडी राहिली की फळ्या आकसतात. पहिले एक-दोन दिवस फटींतून पाणी येणारच. पंप चालू ठेवा, माणूस राखणीला ठेवा. फळ्या फुगल्या की ते थांबतं. तिसऱ्या दिवशीही तेवढंच येत असेल तर होडी पुन्हा वर घेऊन फटी नव्याने भरा.