पाकिटे तीन, वारस चार

मूळ नाशिकचे, आता बंगळुरूत नोकरी करणारे एक वाचक लिहितात: वडील मृत्युपत्र न करता गेले. मागे स्वकमाईचा नाशिकचा फ्लॅट, सिन्नरजवळचा प्लॉट आणि ४२ लाखांच्या ठेवी आहेत. भांडण नको म्हणून तिघा भावंडांनी बंद पाकिटात बोली लिहिल्या. फ्लॅटला दादाने ७२ लाख लिहिले, ताईने ६६ आणि मी ६०. प्लॉटला दादाने १८, ताईने २१ आणि मी २४. प्लॉट धरून वर मला २१ लाख रोख मिळतात, हे बरोबर का? पाकिटे पुन्हा लिहायची ठरली आहेत, तर फ्लॅटला मी ७० लिहू का?

पत्राच्या शेवटी ओघात आणखी काही आले आहे. आई दादाकडेच राहते आणि हक्कसोडपत्रावर सही करायला तयार आहे. तिघे मिळून तिला दरमहा पाच-पाच हजार देतील. तिचे २२ तोळे सोनेही तिघांत वाटायचे आहे. २१ लाखांतून बँकेतल्या माणसाने सुचवलेली ‘हमी’ विमा योजना घ्यायची आहे, तीही वर्षाला १२ टक्क्यांच्या आशेने.

आधी विचारलेले सांगतो. पोलिश गणिती क्नास्टर यांची ही पद्धत दुसरे पोलिश गणिती स्टाइनहाउस यांनी १९४८ मध्ये मांडली. घर, प्लॉट अशा तुकडे न होणाऱ्या वस्तूंना ती चिठ्ठ्या टाकण्यापेक्षा कितीतरी चांगली. सर्वाधिक बोलीवाला वस्तू घेतो आणि स्वतःच्या बोलीतला आपला हिस्सा वगळून बाकीचे पैसे मध्ये ठेवतो. त्यातून इतर जण आपापल्या बोलीचा हिस्सा उचलतात, उरलेले सर्वांत सारखे वाटायचे. फ्लॅट दादाला, त्याने ४८ ठेवले. ताई २२ आणि तुम्ही २० उचललेत, उरले ६, म्हणजे प्रत्येकी २. फ्लॅटपोटी तुम्हाला २२ मिळतात. प्लॉट तुमचा, त्यापोटी तुम्ही १५ देता. ठेवींतले १४ धरून २१ लाख. आकडा बरोबर आहे.

७० लिहू नका. दादा ७२ वर ठाम राहिला तर तुम्हाला दोन लाख जास्त मिळतील. पण तो ६८ वर आला, तर जो फ्लॅट तुम्हाला ६० चा वाटतो तो ४६ देऊन गळ्यात पडेल. पदरात १४ लाखांचा फायदा. खरी बोली लिहिली असती तर अशा वेळी २१ मिळाले असते. दोन लाखांसाठी सात लाख पणाला लावायचे नसतात.

आता न विचारलेले, आणि तेच मोठे आहे. तुम्ही तिनाने भागलेत. हिंदू कुटुंबात मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या वारसा कायद्याने स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा मिळतो. तुमची आई चौथी वारस आहे. वडिलांची आई हयात असेल तर ती पाचवी. ठेवींवर नॉमिनी कोण आहे याने यात फरक पडत नाही. नॉमिनी बँकेकडून पैसे घेतो, मालक वारसच राहतात. सोने तर वाटणीत येतच नाही. ते आईचे स्त्रीधन आहे, यादीतून काढा.

चौथे पाकीट आईचे. तिने ताईइतकीच बोली लावली असे धरून हिशेब केला: आईला ३४.५ लाख, ताईला ३४.५, तुम्हाला प्लॉट आणि जेमतेम १० लाख. दादाला फ्लॅट, पण त्याने खिशातून सुमारे ३७ लाख घालायचे. तुमच्या २१ मधले ११ लाख आईचे होते.

‘ती तयार आहे’ हे मला पुरेसे वाटत नाही. पती गेल्यानंतर मुलांनी पुढे केलेल्या कागदावर बहुतेक आया सही करतात. नोंदवलेले हक्कसोडपत्र नंतर मन बदलले म्हणून मागे घेता येत नाही. बदल्यात तिला काय मिळते? महिन्याला १५ हजारांचे तोंडी आश्वासन. ते महागाईबरोबर वाढणार नाही, आणि तिघांपैकी एकाची नोकरी गेली की आटेल. तिच्याच वाट्यातले ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, तर २०२३ पासूनच्या ८.२ टक्के दराने महिन्याला साडेवीस हजार होतात. वर साडेचार लाख दवाखान्यासाठी हाताशी राहतात. कुणाकडे मागायला नको, मुद्दलही तिचेच. तिला ते पुढे तुम्हालाच द्यायचे असेल तर तिने मृत्युपत्र करावे. आज सगळे सोडून देण्याची गरज नाही.

यात अडचण येईल ती दादाची. या पद्धतीचा खरा दोष हाच: बोली लावायला पैसे लागत नाहीत, निभवायला लागतात. म्हणून पाकीट उघडण्याआधी प्रत्येकाने कर्जाचे मंजुरीपत्र किंवा रकमेचा पुरावा दाखवावा, असा नियम करा. दादाला २५ लाखच मिळत असतील (२० वर्षांसाठी हप्ता साधारण २२ हजार), तर कमी पडणारे १२ लाख आईच्या वाट्यातून फ्लॅटमध्ये राहू द्या. फ्लॅटचा एक षष्ठांश तिच्या नावावर, हातात २२.५ लाख आणि महिन्याला १५ हजारांच्या वर व्याज. ताईचे आणि तुमचे पैसे तेवढेच राहतात. दोन्ही प्रकारांत आईचा त्या घरात तहहयात राहण्याचा हक्क वाटणीपत्रात लिहा आणि वाटणीपत्र नोंदवा.

ती ‘हमी’ योजना: वर्षाला ४ लाख, पाच वर्षे, आणि पंधराव्या वर्षअखेर ३४ लाख. २० चे ३४, म्हणून ‘७० टक्के हमखास’ असे तुम्हाला सांगितले गेले. वर्षाला हिशेब केला तर तो परतावा सव्वाचार टक्क्यांच्या आसपास भरतो. वडिलांच्या ठेवींनी याहून जास्त दिले असेल. तुम्ही १२ टक्क्यांची आशा धरली आहे, ती कुठल्या कागदावर आहे ते त्या माणसाला दाखवायला सांगा. शिवाय १० लाखांत तिसऱ्याच हप्त्याला पैसे संपतील आणि अर्धवट सोडलेल्या पॉलिसीत भरलेलेही पूर्ण परत येत नाही. सही केली नसेल तर करू नका. पॉलिसी आली असेल तर मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, तारीख आजच बघा.

पाकिटे पुन्हा लिहिताना आईचे तिला एकटीला बसून लिहू द्या. त्याआधी दोन्ही मिळकतींची किंमत सरकारमान्य मूल्यांकनकाराकडून काढून तिच्यापुढे ठेवा. आणि हक्कसोडपत्राचा मसुदा वकिलाकडे गेला असेल, तर तो उद्याच थांबवा.